थेंब कुठून येतो?

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी ज्या घरात आहे, ते घर वास्कोत असो, डिचोलीत असो की मुंबईत दादरला, तिथे गाडी उभी करायच्या जागी एक पुठ्ठा पसरलेला असतो. पुठ्ठ्यावर तेलाचे डाग. मधले जुने, सुकून काळे पडलेले, कडेचे ताजे आणि सोनेरी. त्याबद्दल विचारलं की मालक कौतुकानं सांगतो, ब्रिटिश गाडी आहे, गळणारच. ज्या दिवशी गळायची थांबेल त्या दिवशी आतलं तेल संपलं म्हणून समजायचं. जगभरच्या हौशी मालकांचं हे लाडकं वाक्य आहे. संपादकांनी या अंकासाठी ‘जुनी यंत्रं’ हा विषय दिला तेव्हा याच वाक्याची शहानिशा करावी असं ठरवलं, कारण ते खरं नाही आणि त्याचे परिणामही चांगले नाहीत. तेल गळणं हा या गाड्यांचा स्वभाव नव्हे. बहुतेक वेळा ती चुकलेल्या निदानाची खूण असते. आणि निदान बरोबर करायला जी विद्या लागते ती इंग्लंडहून मागवावी लागत नाही. ती आपल्याकडे ॲम्बॅसडरच्या बॉनेटखाली निदान तीन पिढ्या वापरात होती.

बंदरातून आलेला वारसा

गोव्याची मोटारींशी ओळख उरलेल्या भारतापेक्षा वेगळ्या वाटेनं झाली. स्वातंत्र्यानंतर भारतानं देशी कारखानदारीला आसरा देण्यासाठी परदेशी गाड्यांची दारं जवळजवळ लावून घेतली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता, तोही 1954 मध्ये बंद झाला. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात मात्र 19 डिसेंबर 1961 च्या मुक्तीपर्यंत युरोपातली नवी गाडी विकत घेता येत होती. त्यासाठी लागणारा पैसा डिचोली, सांखळी, सत्तरी, सांगे या पट्ट्यातल्या लोहखनिजातून येत होता. खनिज बार्जमधून मांडवी-झुवारीनं उतरून मुरगाव बंदरात जायचं, तिथून जपान आणि युरोपला रवाना व्हायचं, आणि त्याच बंदरात मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस, ऑस्टिन उतरायच्या. गोव्यातल्या मर्सिडीज टॅक्सी पाहून साठच्या दशकातले मुंबईकर पर्यटक चकित व्हायचे, त्यामागचं कारण हे.

मुक्तीनंतर ती आवक आटली, गाड्या मात्र राहिल्या. सुटा भाग मागवायची सोय नाही, म्हणून मेस्त्रींनी तो घडवायचा किंवा दुसऱ्या गाडीचा बसवायचा, अशी सवय लावून घेतली. मुरगावात जहाजदुरुस्तीचं काम होतंच. आजचं गोवा शिपयार्ड 1957 मध्ये पोर्तुगिजांच्या काळातच सुरू झालं. बार्जच्या डिझेल इंजिनावर हात बसलेल्या माणसाला मोटारीचं इंजिन परकं वाटत नाही. नुवें इथल्या ‘अश्वेक विंटेज वर्ल्ड’ या खासगी संग्रहालयात आज ज्या गाड्या चकाकताना दिसतात, त्या प्रकारच्या गाड्या मधल्या काळात अशा अनाम हातांनी जगवलेल्या आहेत.

ॲम्बॅसडरची भावंडं

एमजी हे नाव आता हलोलच्या कारखान्यातून येणाऱ्या एसयूव्हीमुळे घरोघर पोचलं आहे, पण त्या नावाची कीर्ती झाली ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या छोट्या उघड्या गाड्यांमुळे. 1955 मध्ये आलेली एमजीए एक लाखाहून थोडी जास्त बनली; तिच्यानंतर 1962 ते 1980 पर्यंत बनलेल्या एमजीबीनं पाच लाखांचा टप्पा ओलांडला. एमजीएचं पहिलं इंजिन होतं 1489 सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. हा आकडा ऐकून कोणत्याही जुन्या टॅक्सीवाल्याचे कान टवकारतील. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेल्या हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षं हेच 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. एमजीएला दोन कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन, वेगळा कॅम असे फरक आहेत. पण ब्लॉक, चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं), टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, म्हणजे तेल जिथून जिथून गळू शकतं त्या सगळ्या जागा, एकाच कुळातल्या.

दुसरं उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचं. ती म्हणजे ट्रायम्फ हेरल्ड, आणि त्याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी काढली. इंजिनही त्याच घराण्यातलं. तेव्हा हेरल्ड उघडलेल्या मेस्त्रीला स्पिटफायरच्या चेंबरच्या पुढच्या टोकाशी असलेला ॲल्युमिनियमचा सीलिंग ब्लॉक आणि त्यातले लगेच मरणारे आटे चांगले ठाऊक असतात. थोडक्यात, ज्या गाड्यांना आपण दुर्मीळ आणि नाजूक समजतो त्यांची यंत्रं आपल्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून, सरकारी गाडी म्हणून, लग्नाची वरात घेऊन लाखो किलोमीटर धावलेली आहेत.

बनवणाऱ्यानं ठेवलेलं भोक

मग गळतात का? याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मांडला पाहिजे. एमजीएखाली आडवं पडून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, क्लचच्या बेल हाउसिंगच्या तळाशी पाहिलं, तर एक लहानसं भोक दिसतं. त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबकळत असते. ती काही धरून ठेवत नाही. गाडी चालताना ती हलत राहावी आणि भोक घाणीनं बुजू नये, एवढंच तिचं काम. म्हणजे तिथे तेल येणार हे कारखान्याला माहीत होतं, आणि ते क्लच प्लेटवर न जाता बाहेर पडावं याची सोय त्यांनी करून ठेवली.

याचं कारण क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आहे. आजच्या इंजिनात तिथे रबराचं ऑइल सील असतं, त्याची ओठासारखी कड फिरत्या दांड्याला टेकलेली असते. तीन मेन बेअरिंगच्या बी-सिरीजमध्ये तिथे सील नाहीच. क्रँकवर आट्यांसारखी एक खाच कोरलेली आहे. क्रँक फिरला की ती बाहेर निघालेलं तेल उलट आत ढकलते. धातूला धातू लागू नये म्हणून मध्ये बारीक फट ठेवलेली असते. इंजिन बंद झालं की ढकलणं बंद, आणि अंगावर राहिलेलं थोडं तेल फटीतून खाली उतरतं. 1964 च्या अखेरीस एमजीबीला पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा कुठे मागे रबरी सील बसलं.

तेव्हा एक-दोन थेंब हा त्या रचनेचा भाग आहे, हे मान्य. पण पुठ्ठा भिजवणारं डबकं हा नाही. खाचेची ही युक्ती एका अटीवर चालते: इंजिनाच्या पोटातल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असता कामा नये. दाब जास्त झाला की तो तेलाला फटीतून बाहेर रेटतो आणि खाच हरते. गळतीचा खटला बहुतेक वेळा इथेच, हवेपाशी निकाली निघतो.

इंजिनाचा श्वास

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. रिंगा झिजल्या की तो फार उतरतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारतं’. हा वायू बाहेर काढण्यासाठी एमजीएला दोन वाटा दिल्या होत्या. एक नळी वरच्या कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाते आणि दुसरी ब्लॉकच्या कुशीतल्या टॅपेट कव्हरवरून सरळ खाली रस्त्याकडे उतरते. खालच्या नळीची कल्पना अशी की गाडी वेगात असली की तोंडाशी वाहणारा वारा आतला धूर ओढून घेईल. इंग्लंडच्या मोकळ्या रस्त्यावर हे ठीक. वास्कोच्या बाजारात, बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेमागे, किंवा पेडण्याच्या वळणावळणाच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत जाणाऱ्या गाडीला तो वारा मिळत नाही. दाब साचत राहतो.

त्यात आपली हवा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बंदराकाठी उन्हाळाही दमट असतो. गाडी दोन किलोमीटर नेऊन परत लावली तर इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते, आणि तेलात पाणी मिसळून पिवळट-पांढरी साय तयार होते. कव्हरचं झाकण उघडलं की ती आतून चिकटलेली दिसते. ही साय ब्रीदरच्या नळीत, एमजीबीच्या टॅपेट कव्हरवरच्या डब्यातल्या तारेच्या जाळीत जाऊन बसते. श्वासाची वाट बंद झाली की तेल मिळेल त्या फटीतून निघतं. मग नवं पॅकिंग घातलं तरी पंधरवड्यात तेच.

हे तपासायला यंत्र लागत नाही. इंजिन गरम करून हळू चालू ठेवायचं, तेल ओतायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा अलगद ठेवायचा. तो फुगून उडाला तर आत दाब आहे. जागेवर राहिला किंवा किंचित आत ओढला गेला तर श्वास मोकळा आहे. दाब निघाला तर आधी नळ्या आणि जाळी रॉकेलनं धुवायच्या, झाकण योग्य जातीचं आहे का पाहायचं, पुन्हा तपासायचं, आणि तरीही फुगा येत असेल तर कॉम्प्रेशन मोजून रिंगांचा विचार करायचा. पॅकिंगला हात लावायची वेळ त्यानंतरची. उलट क्रमानं जाणारा मालक गळती काढण्याच्या नावाखाली इंजिन उतरवतो, आणि ती कायमच राहते.

वरून खाली पाहत यावं

दुसरी मोठी चूक म्हणजे थेंब जिथे पडतो तिथेच तो जन्मला असं मानणं. तेल उतरताना ब्लॉकला धरून येतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे नेतो. बी-सिरीजला कुशीत दोन टॅपेट कव्हरं आहेत. मागच्या कव्हरचं कॉर्क पॅकिंग सुकलं की तेल ब्लॉकच्या मागच्या कडेनं उतरून नेमकं बेल हाउसिंगच्या तळाशी थबकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं टोक गेलं. मग इंजिन-गिअरबॉक्स सुटा होतो, आठवड्याचं काम आणि मोठा खर्च, आणि जोडून झाल्यावर पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब. चूक असते हाताच्या पंजाएवढ्या पत्र्याच्या कव्हरमध्ये.

जाणता मेस्त्री म्हणून आधी इंजिन धुतो. रॉकेल आणि ब्रशनं सगळी काळी चिकटण काढून, पुसून, वाळवून घेतो. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड उडवतो आणि गाडी फिरवून आणून टॉर्च घेऊन बसतो. पांढऱ्या पुडीवर तेलाची ओली रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक हा उगम. बऱ्याचदा तो अगदीच साधा निघतो. तेलाच्या फिल्टरच्या डब्याला वर चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. फिल्टर बदलताना जुनी रिंग खाचेतच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते. पाहताना सगळं ठीक, पण दाब आला की तेल फवाऱ्यासारखं निघतं. जुनी रिंग टोकदार सुईनं उकरून काढली की काम झालं.

आता पॅकिंगबद्दल. आपल्याकडे गळती दिसली की पाना घेऊन आणखी आवळायचं, ही सवय फार खोल आहे. या इंजिनांवरची कव्हरं पातळ पत्र्याची असतात. एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये वरच्या कव्हरच्या नटांना फक्त चार फूट-पौंड, कुशीतल्या कव्हरच्या बोल्टला दोन आणि चेंबरच्या बोल्टांना सहा फूट-पौंड जोर सांगितला आहे. दोन फूट-पौंड म्हणजे मनगटाचाही पुरा जोर नाही, बोटांचा. त्यावर आवळलं की बोल्टाभोवतीचा पत्रा खोलगट होतो आणि दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला जातो. तेल तिथून येतं, म्हणून माणूस आणखी आवळतो. अशा वेळी चेंबर काढून त्याची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करायची, काचेवर ठेवून सपाटी पाहायची, आणि मगच नवं कॉर्क घालायचं. सिलिकॉनची नळी पिळून भरणं हा उपाय नव्हे. आतल्या बाजूला निघालेला सिलिकॉनचा दोरा तुटून तेलपंपाच्या चाळणीत गेला तर थेंबाऐवजी बेअरिंग जातं.

आठ मिलिमीटरचा घात

आपल्या भागातल्या गाड्यांना आणखी एक दुखणं जडलं आहे, ते आट्यांचं. एमजीए-एमजीबी आणि ॲम्बॅसडर या इंचाच्या मापाच्या गाड्या, त्यांचे बोल्ट यूएनएफ जातीचे. बाजारात आता मिळतात ते मिलिमीटरचे. पाच सोळांश इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टाहून केसभर बारीक. त्यामुळे आठचा बोल्ट त्या भोकात एक-दोन फेरे जातो आणि बसला असं वाटतं. पण एकाच्या आट्यांमधलं अंतर साधारण 1.06 मिलिमीटर, दुसऱ्याच्या 1.25. तिसऱ्या फेऱ्याला तो अडतो, पान्यानं रेटला की ब्लॉकमधले आटे कापत जातो, आणि ते कव्हर पुन्हा कधी नीट बसत नाही. एखाद्या गाडीची गळती अशा एका परक्या बोल्टापाशी येऊन थांबते. आटे पुन्हा काढून आत नवी गुंडाळी बसवणं हे टर्नरचं काम. ते मुरगावच्या जहाजकामाच्या लेथवर होतं, आणि मोठं काम असेल तर पेडण्याहून सावंतवाडी-आंबोलीमार्गे कोल्हापूरचं उद्यमनगर काही तासांवर आहे. तेलइंजिनं घडवत वाढलेल्या त्या वसाहतीत क्रँक ग्राइंडिंगपासून ब्लॉक फेसिंगपर्यंत सगळं जाणणारी माणसं आहेत. सुट्या भागांसाठी मुंबईतले कुर्ला आणि चोर बाजार आहेतच.

गळू दे की!

या सगळ्या खटाटोपावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला किनारपट्टीवर फार पटणारा आहे: बंदराकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, तेव्हा गळलेलं तेल गाडीच्या पोटाला लागून गंज थांबवतं. अर्धं खरं आहे. तेलाचा पातळ थर लोखंड वाचवतो, पण गळणारं तेल हव्या त्या जागी जात नाही. त्यावर लाल माती चिकटते, ती ओल धरते आणि तिच्याखाली पत्रा गुपचूप सडतो. इंजिनाचे रबरी माउंटिंग तेलानं फुगून मऊ होतात, क्लच प्लेट घसरू लागते. मागच्या ॲक्सलचं सील गळत असेल तर तेल ब्रेकच्या शूवर जातं, आणि उताराच्या रस्त्यावर त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. गंज थांबवायचा तर त्यासाठी बनवलेलं मेण खालून फवारावं.

दुसरा आक्षेप म्हणजे, एवढीच काळजी असेल तर क्रँकवरची खाच घासून टाकून आधुनिक रबरी सील बसवावं. असे संच मिळतात आणि चालतातही. माझं मत असं की तो शेवटचा उपाय ठेवावा. घासलेला क्रँक मूळ रूपात येत नाही, आणि आत दाब असेल तर रबरी सीलही गळतं. श्वास मोकळा झाल्यावर मूळ खाचेचं काम इतकं सुधारतं की पुढची गरज सहसा उरत नाही.

तिसरा आक्षेप वरवर नैतिक आहे: चार हौशी माणसांच्या गाड्यांसाठी एवढी शाई कशाला? मुरगावचं पठार जांभ्याचं आहे. जांभा पाणी पितो, ते पठाराच्या पायथ्याशी झरी होऊन किंवा विहिरीत निघतं. फरशीवरचा डाग पावसात धुऊन निघाला की तो नाहीसा होत नाही, खाली जातो. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्यानंही घातक कचरा ठरलेलं आहे. एका स्पोर्ट्स गाडीचे थेंब मोजून कोणी घाबरणार नाही, पण थेंबाकडे काणाडोळा करायची सवय गॅरेजात लागली की ती डिझेल ट्रकालाही लागू होते आणि बार्जलाही.

उभी गाडी

2021 मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर. गाड्या वाचवण्यासाठी हा नियम चांगलाच आहे, पण त्यातून एक गोष्ट आपोआप घडते: गाडी उभी राहते. आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त गळते. कॉर्क सुकून आकसतं, रबरी सीलची कड दांड्यावर एकाच जागी कडक होते, ओल आत साचते. 2012 च्या खाणबंदीनंतर डिचोलीत महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या मालकांना हे कोणी शिकवायला नको. म्हणून नियमाच्या चौकटीत राहून, दुरुस्तीच्या निमित्तानं का होईना, गाडी महिन्यातून एकदा तरी पुरती तापेपर्यंत फिरली पाहिजे. तेल 20डब्ल्यू-50 जातीचंच घालावं. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक तेल महाग असतं, जुनी काजळी धुऊन काढतं आणि तिच्या आधारानं बंद राहिलेल्या फटी उघडतं.

खरी अडचण माणसांची आहे. ॲम्बॅसडरचं उत्पादन उत्तरपाड्याला 2014 मध्ये थांबलं. त्याच्या कितीतरी आधीच तिच्यात इसुझूचं इंजिन आलं होतं, त्यामुळे बी-सिरीजवर हात बसलेला मेस्त्री आता साठीच्या पुढचा असतो. त्याच्या हाताखाली येणारी मुलं स्कॅनर लावून कोड वाचायला शिकलेली, हुशार आहेत, पण पत्र्याचं कव्हर बोटांच्या जोरावर कसं आवळायचं हे स्कॅनर दाखवत नाही. डिचोली, पेडणे आणि वास्को या तिन्ही ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. भंगारात निघालेल्या ॲम्बॅसडरचं एक-एक बी-सिरीज इंजिन त्यांच्या मोटार मेकॅनिकच्या शेडमध्ये स्टँडवर बसवलं, सोबत यूएनएफ आट्यांचा टॅप-डायचा संच ठेवला आणि जुन्या मेस्त्रींना मानधन देऊन आठवड्याला एक तास बोलावलं, तर खर्च फार येणार नाही. पहिल्या तासाला मुलांनी फक्त इंजिन धुवायचं, पूड उडवायची, ते चालू करायचं आणि रेघेचं वरचं टोक शोधायचं. पाना दुसऱ्या तासाला हातात द्यावा.